गुरुजींची शाल आणि माझी किड्यांची वही

चहा गार झाला तरी चालेल, पण मध्येच उठू नका. हा किस्सा अर्धा ऐकून गेलेल्या माणसाला वाटतं, मी कुणाच्या तरी घरची कीड घालवली. पूर्ण ऐकलात की कळेल, मी ती पाळली. नुसती पाळली नाही, फुलं घालून पाळली आणि रोजच्या रोज तिची नोंद ठेवली.

सांगताना मी हसतो, तुम्हीही हसा. पण शेवटाकडे आलो की माझं हसू जरा अडखळतं. तेवढं सांभाळून घ्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बँकेने बढती दिली आणि नाशिकहून उचलून थेट बनारसला टाकलं. मंगला गौरीच्या गल्लीत नानागुरुजींच्या घरी वरच्या दोन खोल्या मिळाल्या. वर मी आणि सुमन, माझी बायको. खाली गुरुजी आणि काकू. गुरुजी वेदपाठी, साठीच्या पुढचे. चार पिढ्या काशीत, पण घरात मराठीच. फक्त त्या मराठीत बनारस मुरलेलं. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पाणी सकाळी सहाला येतं, बाकी काही परेशानी झाली तर बेधडक खाली या."

आता माझ्याविषयी. मला दिसेल ते लिहून ठेवायची खोड आहे. पंचगंगा घाटाची कितवी पायरी पाण्यात गेली, वीज किती वाजता गेली आणि आली, गल्लीतली गाय आज कुणाच्या दारात बसली, सगळं वहीत. शिकलो कॉमर्स. पण वाटायचं, माणसाने नीट बघितलं आणि रोज लिहिलं तर कुठलंही शास्त्र घरबसल्या शिकता येतं. अजूनही वाटतं. फक्त आता 'नीट बघितलं' या शब्दांपाशी मी जरा थांबतो.

त्या वर्षी दशाश्वमेधच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या पथारीवर मला एक पातळ हिंदी पुस्तिका मिळाली. शेतीतले कीटक, कोण मित्र आणि कोण शत्रू. चार दिवसांत पाठ झाली. मग एक नवी वही सुरू केली. दोनशे पानी, नुसती किड्यांची. बँकेत सह्या पडताळायचं माझं एक भिंग होतं, ते संध्याकाळी घरी यायला लागलं. सुमन म्हणाली, "आता घरात मुंग्या झाल्या की मारायच्या, की आधी तुम्हाला दाखवायच्या?"

मी म्हटलं, "आधी दाखवायच्या."

आता शालीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच येऊन आदळलं.

भोसले घाटाजवळ दर कार्तिकात एक वेदपारायण होतं. त्रिपुरी पौर्णिमेला समाप्ती. त्या दिवशी मधलं आसन मुख्य पाठकाचं. गुरुजींचे वडील त्या आसनावर बसत, आणि सभेने त्यांना एक पश्मिन्याची शाल पांघरली होती. बदामी रंग, कडेला बारीक वेल. वडील गेले तेव्हा गुरुजी तरुण होते. त्यांनी मनाशी ठरवलं की ज्या वर्षी सभा आपल्याला त्या आसनावर बसवील, त्याच वर्षी ही शाल अंगावर घ्यायची. त्याआधी नाही. तीस-पस्तीस वर्षं ते कडेच्या रांगेत बसले. शाल घडीतच राहिली.

आणि त्या माघात सभेचा निरोप आला. येत्या कार्तिकात मधल्या आसनावर तुम्ही.

गुरुजी कुणाला काही बोलले नाहीत. पण काकूंनी मला सांगितलं, "काल दोनदा देवघरात जाऊन वर बघून आले. मी विचारलं, काय बघता? तर म्हणतात, काही नाही, दांडी पक्की आहे न ते बघतो."

ही दांडी म्हणजे देवघरात छताजवळ बांधलेली आडवी काठी. सोवळ्यातले कपडे तिच्यावर. ते हाताने नाही, दुसऱ्या लांब काठीने टाकायचे आणि काढायचे, म्हणजे कुणाचा स्पर्श नको. दांडीच्या अगदी भिंतीकडच्या टोकाला, जुन्या धोतरात गुंडाळलेली ती शाल. वर्षभर तिला कुणी हात लावत नसे. फक्त वैशाखात एकदा काकू सोवळ्यात ती गच्चीवर नेत, दिवसभर उन्हात पसरत, झटकत, वानरांना हाकलत राखण करत, आणि संध्याकाळी घडीत वेखंड घालून परत टांगत. सासूने सांगितलं म्हणून. का, ते सासूनेही सांगितलं नव्हतं.

इतकं सुरळीत चाललं होतं. मग मी आलो.

फाल्गुनात एके दिवशी देवघराच्या खिडकीत मला बारीक बारीक किडे दिसले. मी सोवळ्यात नसल्याने देवघरात पाऊल टाकायची सोय नव्हती, पण बाहेरच्या गॅलरीतून ती खिडकी गाठता येत असे. तिळापेक्षा जरासे मोठे, गोलसर, पाठ घुमटासारखी, वर पांढरे-तपकिरी ठिपके. उजेडाकडे तोंड करून काचेवर फिरत होते. मी भिंग लावलं आणि पुस्तिका आणायला धावलो. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावरचा मित्र. ढालकिडा. मावा खाणारा, पिकं वाचवणारा.

सुमनला बोलावलं. तिने चित्र बघितलं, किडा बघितला.

"अहो, चित्रातला केवढा मोठा आहे."

"चित्र मोठं करून छापलंय."

"आणि पुस्तकात रंग काय दिलाय?"

"पुस्तक काळंपांढरं आहे."

"मग तुम्हाला कसं कळलं की हाच तो?"

"ठिपके आहेत ना."

"ठिपके तर माझ्या साडीवरही आहेत," असं म्हणून ती भाजीकडे गेली. ढालकिडा लाल असतो, त्यावर काळे ठिपके असतात, हे मी पुढे कधीतरी शेतात बघितलं. तेव्हा मान खाली घालण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पान बारा: मित्र. मी सुरेख अक्षरात लिहिलं. काकू फडक्याने खिडकी पुसायला आल्या तर मी गॅलरीतून दोन्ही हात आडवे केले.

"काकू, मारू नका. शेतकऱ्याचे मित्र आहेत."

"इथे कुठे शेत आहे?"

"नसलं तरी येतात. चांगल्या जागी येतात."

काकूंना ते पटलं. देवघर चांगली जागा आहेच. मी पुढे आणखी दोन दिवस निरीक्षण केलं आणि लक्षात आलं, हे मित्र निर्माल्यातल्या झेंडूवर बसून परागकण खातात. झालं. काकू रोज संध्याकाळी निर्माल्याची परडी गंगेवर नेऊन सोडत. मी विनंती केली की चार झेंडू रोज खिडकीच्या कट्ट्यावर राहू द्या. काकू म्हणाल्या, "तुमच्या पाहुण्यांना नाश्ता लागतो होय?" पण ठेवायला लागल्या. महिनाभर ठेवले. पाहुण्यांची संख्या वाढली. मी वहीत लिहिलं, 'सहकार्याबद्दल काकूंचे आभार.'

चैत्र संपता संपता काकूंना देवघराच्या फरशीवर दुसरंच काही सापडलं. तांबूस, केसाळ, अंगावर पट्टे, भाताच्या शितापेक्षा लहान अळ्या. चाहूल लागली की केस फुलवून बसायच्या. काकूंनी केरसुणीने एक कागदावर ढकलली आणि उंबऱ्याशी माझ्यापुढे धरली.

"हा पण मित्र का?"

मी भिंगातून बघितलं. चेहराच शत्रूचा होता.

"हा नाही. हा बाहेरून आलेला आहे."

पान एकतीस: शत्रू. मित्राचं पान वेगळं, शत्रूचं वेगळं. दोघांची गाठ घालून बघावी असं माझ्या मनातही आलं नाही. कसं येईल? एक ठिपक्यांचा, गोल, फुलांवर बसणारा, उजेडाकडे जाणारा. दुसरी केसाळ, लांबट, अंधारात शिरणारी. एकाच घरातले वाटतील का तुम्हाला? मला तर एकाच गावातले वाटले नाहीत.

आता माझी चूक इथेच थांबली असती तर आज हसून सोडून दिली असती. पण वैशाख लागला. काकू काठी घेऊन सोवळ्यात उभ्या. शाल उन्हात घालायचा दिवस.

मी उंबऱ्यावरून म्हटलं, "काकू, यंदा थांबा."

"का?"

"मी शत्रूवर उपाय सुरू केलाय. दर शनिवारी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. आता तुम्ही वेखंड घातलं, ऊन दिलं, तर तो मेला कशाने हे कळणार नाही. एका वेळी एकच उपाय. शास्त्राची पद्धत आहे."

काकू गुरुजींकडे बघायला लागल्या. गुरुजी संध्येची पळी-पंचपात्री पुसत होते. हातातलं काम थांबवून त्यांनी मला विचारलं, "लिहून ठेवता न सगळं?"

"रोज."

"मग बघू द्या त्यांना," गुरुजी काकूंना म्हणाले. "आम्ही जन्मभर तोंडपाठ करतो, हे लिहून ठेवतात. लिहिणारा माणूस बेपर्वा नसतो."

काकूंचे गुडघेही तेव्हा दुखत होते. गच्चीच्या पायऱ्या उंच. त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली. "चला, यंदा वानरांची पण सुट्टी," म्हणाल्या.

या एका वाक्यासाठी मला अजून वाईट वाटतं. किती विश्वासाने सुट्टी घेतली त्यांनी.

शनिवारी धूर. रविवारी सकाळी काकू देवघर झाडून जे सापडेल ते कागदावर उंबऱ्याशी आणून देत, आणि मी मोजत असे. पहिल्या रविवारी तीन मेलेल्या अळ्या. दुसऱ्या रविवारी सात. मग अकरा. धूर लागू पडत होता. मी काकूंना आकडा सांगितला की त्या म्हणत, "वाह, कमाल आहे." मग एकदा गुरुजीही उंबऱ्यापाशी येऊन म्हणाले, "आज किती?" मी म्हटलं, "चौदा." ते समाधानाने मान हलवून आत गेले.

मी किती बारकाईने बघत होतो, तेही ऐका. पान एकतीसवरच्या माझ्या नोंदी आहेत. 'मेलेल्या सर्व अळ्या आतून पोकळ. धुराने आतला रस सुकला असावा.' त्याखाली, 'प्रत्येकीच्या पाठीवर उभी चीर. मरतेवेळी कळ येऊन फुटल्या असाव्यात.' आणि आषाढातली एक, 'फुंकर मारली तर मेलेली उडून जाते. इतकी हलकी. उपाय जालीम आहे.'

सुमनने ते वाचलं आणि म्हणाली, "मेलेलं झुरळ बघितलंय मी. ते पोकळ नसतं."

"झुरळ वेगळं."

"बरं. तुम्हाला माहीत."

बायको 'तुम्हाला माहीत' म्हणाली की थांबावं, एवढं तरी शास्त्र मला तेव्हा यायला हवं होतं.

पावसाळा गेला, नवरात्र झालं, दिवाळी झाली. गंगेचं पाणी उतरलं, पंचगंगेच्या पायऱ्या गाळातून वर आल्या. घाटावर उंच बांबूंना आकाशदिवे लागले. गुरुजींनी पाठाची उजळणी वाढवली. पहाटे त्यांचा आवाज वर आमच्या खोलीत येई, आणि तो त्या दिवसांत जरा उंच लागत असे. समाप्तीला आठ दिवस राहिले तेव्हा ते म्हणाले, "आज शाल काढू. थोडं ऊन दाखवू. त्या दिवशी कोंदट वास यायला नको."

गुरुजींनी स्वतः काठीने धोतराची गुंडाळी उतरवली. गॅलरीत आणली. काकू शेजारी, मी दोन हातांवर. धोतर उलगडलं. बदामी रंग दिसला, कडेची वेल दिसली, आणि काकूंचा चेहरा उजळला. मग गुरुजींनी शाल दोन्ही हातांनी उंच धरून उन्हात उघडली.

ऊन आरपार आलं. खाली फरशीवर उन्हाचे ठिपके पडले. बारीक, मोठे, काही रुपयाएवढे. गुरुजींनी हात जरा हलवले तर सगळे ठिपके फरशीवर हलले.

मग काकू हळूच म्हणाल्या, "सगळे मेले होते न? मग हे कुणी खाल्लं?"

आता माणसाने इथे तरी गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "हा तिसराच कुठलातरी किडा असावा." आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यात त्याच्यासाठी कोरं पान शोधणं सुरूही झालं होतं.

गुरुजींनी शालीची घडी घातली. नेहमीसारखी, कडेला कड जुळवून. "मदनपुऱ्यातल्या रफूगाराला बोलावू," एवढंच म्हणाले. आणि आत गेले. त्या दिवशी दुपारी पाठाचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी हबीबचाचा आले. सत्तरीचे, जाड चष्मा, खिशात सुयांची डबी. शाल त्यांच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता सोवळ्याचं काय? काकूंनीच ती उचलून त्यांच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "सहा महिने किडे अंगाखांद्यावर खेळले तिच्या. यांच्या हाताला कसली नावं ठेवायची? या हातांनी निदान शिवतात."

हबीबचाचांना खाली पसरायला काहीतरी पांढरं हवं होतं. जवळ माझी वही होती. त्यांनी ती उघडून ठेवली आणि शाल वर झटकली. टपटप पडलं. दोन-तीन जिवंत अळ्या, आणि बाकी सगळे माझे ओळखीचे मेलेले.

"ये क्या है, जानते हैं बाबूजी?"

"मरे हुए कीड़े," मी म्हटलं. "धुएँ से मरे."

चाचांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "मरे हुए? ई तो केंचुली है. कीड़ा बड़ा होता है तो कुरता छोटा पड़ जाता है. पीठ से फाड़ के निकल आता है, नया पहन लेता है."

"मतलब ये सब..."

"कुरते हैं. आपने कितने गिने?"

मी आकडा सांगितला नाही. काकूंनी सांगितला. दर रविवारचा, एकामागून एक, त्यांना सगळे पाठ होते. चाचा ऐकत राहिले आणि म्हणाले, "इत्ते कुरते बदले. मतलब ख़ूब खाया, ख़ूब मोटाया."

तुमच्या लक्षात येतंय ना? अळी कात टाकते ती वाढते म्हणून. मी सहा महिने वाढीची नोंद मरणाच्या नावावर केली. चौदा म्हटल्यावर गुरुजी समाधानाने मान हलवत होते, तेव्हा वर त्यांच्या वडिलांच्या शालीत चौदाजण एक माप मोठे झाले होते.

पण चाचांचं संपलं नव्हतं. त्यांनी ढिगातून एक कात निवडली. ही जरा फुगीर होती. वहीवर ठेवून सुईच्या टोकाने पाठीची चीर अलगद उघडली. आत, दुलईत झोपावा तसा, एक किडा होता. तिळापेक्षा जरासा मोठा. गोलसर. पाठ घुमटासारखी. पांढरे-तपकिरी ठिपके.

"और ये आगे इन्हीं जैसों की अम्मा बनेगी," चाचा म्हणाले. "उड़ के खिड़की पे जाएगी, फूल खाएगी. शाल नहीं खाती ये, बड़ी शरीफ़ है. बस अंडे शाल में दे आती है. जहाँ कोई छूता न हो, हिलाता न हो."

तो किडा होता पान एकतीसवर. मी हळूच मागची पानं उलटून पान बारा काढलं. मित्र. खाली माझं सुरेख अक्षर. पोरांना मी धूर देत होतो आणि आयांना झेंडू. आणि जिथे कोणी शिवत नाही, हलवत नाही, अशी अख्ख्या घरात एकच जागा होती. वर्षातून एकदा ती हलवली जात असे, ऊन लागून अंडी-अळ्या मरत, झटकून पडत. काकूंच्या सासूला कारण माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर होता. मला कारणं भरपूर माहीत होती.

गुरुजी दारात उभे होते. किती वेळ, कळलं नाही. आत येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "वसंतराव, वाचा बघू तुमची वही."

"गुरुजी, कशाला..."

"वाचा. पहिल्यापासून."

मी वाचली. फाल्गुनापासून. ढालकिडा, झेंडू, आभार, धूर, तीन, सात, अकरा, पोकळ, पाठीला चीर. 'वैशाख. काकूंना शाल उन्हात घालू दिली नाही.' गुरुजी डोळे मिटून, एखाद्या शिष्याची परीक्षा घ्यावी तसे ऐकत होते. संपल्यावर डोळे उघडले.

"पाठ शुद्ध आहे हो," म्हणाले. "एक दिवस चुकलेला नाही. अर्थच तेवढा उलटा लागला."

हबीबचाचांना मराठी कळत नव्हती, पण तेही मान हलवून "वाह" म्हणाले. काकू पदराआड हसल्या की रडल्या, मी बघायचं टाळलं.

चाचांनी शालीच्याच कडेतून धागे काढून उरलेल्या दिवसांत जेवढं भरता येईल तेवढं भरलं. दोन्ही खांदे, छातीवर येणारा भाग, वेलीची कड, असं बेमालूम की मला भिंगानेही भोक सापडेना. पण पाठीवर येणारा मधला भाग फार गेला होता. "इत्ता धागा कहाँ से लाऊँ?" ते म्हणाले. "धागा तो कीड़ा खा गया."

त्रिपुरी पौर्णिमा. मी आणि सुमन सभेला गेलो. मंडप भरलेला. गुरुजी आले, अंगावर बदामी शाल. मधल्या आसनावर बसले. काकू बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत. इथपर्यंत सगळं छान होतं.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. गुरुजी पाठाला बसले की ताठ बसत. तीन तास, चार तास, कशाला टेकत नसत. सगळ्या सभेला ते ठाऊक होतं. आणि त्या दिवशी बसता बसता त्यांनी आपलं आसन स्वतःच्या हाताने वीतभर मागे ओढलं आणि मंडपाच्या खांबाला पाठ लावली. पाठभर लावली. शेवटच्या मंत्रापर्यंत हलले नाहीत.

माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ पुटपुटले, "नाना थकला. वडील या आसनावर कधी टेकले नव्हते."

पलीकडचे म्हणाले, "वय झालं आता. उशिरा मिळालं आसन."

मला उठून ओरडावंसं वाटलं, की थकले नाहीत हो, मागे शाल नाहीये त्यांच्या. मी जरा हललो असेन. गुरुजींनी म्हणता म्हणताच माझ्याकडे बघितलं, आणि एक बोट नुसतं गुडघ्यावर ठेवलं. बसा. मी बसलो.

समाप्तीनंतर एकाने त्यांना तोंडावर विचारलं, "नाना, पाठ दुखते का?" गुरुजी म्हणाले, "हो, थोडी." ज्या माणसाने जन्मभर एक स्वर खोटा लावला नाही, तो माझ्यामुळे तेवढं खोटं बोलला. पुढच्या वर्षापासून सभेने त्यांच्यामागे लोड ठेवायला सुरुवात केली. गुरुजींना लोड आवडत नसे. पण नको म्हणायची सोय उरली नव्हती.

त्या दिवशी रीतीप्रमाणे सभेने गुरुजींनाही नवी शाल पांघरली. लोकरीची, कोरी, दाट विणीची. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ती घेऊन जिना चढून वर आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पायरी. मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, आता जे बोलतील ते ऐकून घ्यायचं.

"ही तुमच्याकडे ठेवायला सांगितलीय यांनी," काकू म्हणाल्या.

"काकू, माझ्याकडे? एवढं सगळं झाल्यावर?"

"मग काय करायचं? खाली ठेवायची हिंमत नाही. आणि सबंध घरात किडे नसलेली जागा आता एकच उरलीय," त्या सुमनच्या हातात शाल देत म्हणाल्या. "तुमच्या खोल्या. तुम्ही सगळे आमच्याकडे पाळलेत न."

बनारसहून बदली होईपर्यंत दर वैशाखात ती शाल मी गच्चीवर नेत होतो. उन्हात पसरायची, झटकायची, वेखंड घालून घडी करायची. दिवसभर हातात काठी घेऊन वानरं हाकलत बसायचो. वही नेत नसे. गुरुजी कधीतरी जिन्यातून हाक मारून विचारत, "वसंतराव, आज काही दिसलं का?"

मी वरून सांगायचो, "नाही गुरुजी, मला काही कळत नाही."

"मग ठीक आहे," ते खालून म्हणत. "शाल सुरक्षित आहे."